चंद्रावरचा ब्रेकर

चंद्रावरून निघायची वेळ जवळ येत होती आणि इंजिनाच्या सर्किटमधला ब्रेकर तुटलेला होता. चंद्रावर चालून आर्मस्ट्राँग आणि आल्ड्रिन आपल्या छोट्या यानात परतले, तेव्हा खाली जमिनीवर एक काळा तुकडा आल्ड्रिनला दिसला. पाठीवरच्या अवजड पेटीचा धक्का लागून पॅनेलवरच्या एका ब्रेकरची मूठ मोडली होती. नेमका तोच ब्रेकर, ज्याच्यातून वर उचलणाऱ्या इंजिनाला सज्ज करणारी वीज जात होती. ते इंजिन एकच होतं, त्याला जोडीदार नव्हता. आल्ड्रिनने फेल्ट टिपचं पेन घेतलं. त्याच्या टोकाला धातू नव्हता, म्हणून तेच निवडलं. त्या पेनने त्याने ब्रेकर आत दाबला आणि तो बसला. २१ जुलै १९६९ च्या रात्री आपल्याकडे साडेअकराला काही मिनिटं कमी असताना यान चंद्रावरून उठलं.

मी नगर जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेडचा निदेशक आहे. ऑगस्टमध्ये नवी तुकडी आली, की पहिल्याच आठवड्यात हा प्रसंग मी वर्गात सांगतो. मुलं पाथर्डीची, शेवगावची, पारनेरची, कर्जत-जामखेडची. काहींचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. काही जण पहाटेची एसटी पकडून माळीवाड्याच्या स्टँडवर उतरतात. चंद्रावर माणूस गेला हे त्यांनी शाळेत वाचलेलं असतं, त्याचं कौतुकही असतं. पण ते लांबचं कौतुक. ब्रेकर म्हटल्यावर मुलं सरसावून बसतात. फ्यूज का नव्हता? ब्रेकर ओढून बंद करायचा प्रकार होता का? दुसऱ्या वाटेने सप्लाय देता आला नसता का? मग मी कपाट उघडून पुस्तकं टेबलावर ठेवतो.

ही पुस्तकं मी पगारातून, एकेक करून जमवली. त्यातलं मुख्य म्हणजे डेव्हिड वुड्स यांचं 'हाउ अपोलो फ्ल्यू टू द मून', २००८ सालचं. वुड्स यांनी उड्डाणाचा प्रवास क्रमाने घेतला आहे: प्रक्षेपण, पृथ्वीभोवतीची कक्षा, चंद्राकडे झेप, वाटेतली दिशा-तपासणी, चंद्रामागे गेल्यावर वेग कमी करणं, उतरणं, परत येणं. प्रत्येक टप्प्यावर कोणती कळ दाबली, कोणता आकडा यायला हवा होता आणि तो नाही आला तर काय करायचं ठरलं होतं, हे सगळं त्यात आहे. दुसरं पुस्तक ख्रिस्तोफर रायली आणि फिल डॉलिंग यांचं, मोटारगाड्यांच्या दुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या हेन्स प्रकाशनाने २००९ मध्ये अपोलो ११ साठी काढलेलं वर्कशॉप मॅन्युअल. त्याच्या चित्रांवर आमच्या मुलांच्या बोटांचे ग्रीसचे ठसे आहेत आणि मला त्याचा आनंद आहे. फ्रँक ओब्रायन यांचं यानावरच्या संगणकाविषयीचं पुस्तक सगळ्यांत अवघड. ते मी अजून पुन्हा पुन्हा वाचतो.

१९६९ च्या ऑक्टोबरात अपोलो ११ चे तिघे मुंबईला आले होते. तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने पुढे चंद्रावरच्या मातीचे नमुने अभ्यासले. म्हणजे चंद्रापासून आपण अगदीच लांब नव्हतो. तरी मराठी घरांत जी गोष्ट पोचली, ती तीन माणसांच्या धाडसाची. ती खरीच आहे. पण त्या कामावर जवळपास चार लाख माणसं होती, आणि त्यांतली पुष्कळ जण हातात स्क्रू ड्रायव्हर, मीटर, सोल्डरिंग गन घेऊन काम करणारी होती. धाडसाच्या गोष्टीत त्यांना जागा मिळत नाही, यंत्र कसं चाललं हे सांगणाऱ्या पुस्तकात मात्र ती पानोपानी भेटतात. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हीच पुस्तकं का दाखवतो, त्याचं कारण एवढंच आहे.

यानावरच्या संगणकाची स्मृती हा आमच्या वर्कशॉपमधला सगळ्यांत आवडता भाग. नगरच्या कुठल्याही गावात मोटार भरून देणारं एक दुकान असतंच. विहिरीतली सबमर्सिबल जळाली, की ती वर काढायची आणि दुकानात टाकायची. कारागीर जुनी तांब्याची तार कापून काढतो, स्लॉट साफ करतो, वेढे मोजत नवी तार भरतो. एक वेढा कमी-जास्त झाला किंवा एखाद्या कॉइलचं टोक उलटं जोडलं गेलं, की मोटार घुरघुरते आणि तापते. आमची मुलं हे काम शिकतात, म्हणून अपोलोच्या संगणकाचा कायमचा कार्यक्रम कसा साठवला होता हे त्यांना पटकन समजतं.

तो कार्यक्रम तारांनी विणलेला होता. छोट्या छोट्या चुंबकीय कड्या ओळीने मांडलेल्या; तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. अशा सहा पेट्या. प्रत्येक पेटीत ५१२ कड्या आणि एकेका कडीशी १९२ तारांचा संबंध. सगळं मिळून ३६,८६४ शब्दांची स्मृती. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅम गावी रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका हे विणत. कुणी कापडगिरणीत काम केलेल्या, कुणी घड्याळाच्या कारखान्यात. यंत्र योग्य कडी समोर आणून द्यायचं. दोन बायका समोरासमोर बसून तार ओवलेली सुई तिच्यातून आरपार द्यायच्या आणि घ्यायच्या. चंद्रावर उतरण्याचं सगळं गणित त्या तारांच्या वाटेत बसलेलं होतं. एकदा विणलं, की बदल करायचा म्हणजे पेटी पुन्हा करायची. म्हणून संगणकाचा कार्यक्रम उड्डाणाच्या कितीतरी आधी पक्का करून कारखान्यात पाठवावा लागे.

मी हे शिकवताना जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातल्या कड्या टेबलावर मांडतो, लाल-पिवळी वाइंडिंग वायर देतो आणि प्रत्येकाने आपल्या नावाचं पहिलं अक्षर आकड्यांत मांडून विणायचं, असं सांगतो. मल्टिमीटरची जागा ऑसिलोस्कोपने घेतली, एका तारेत छोटा झटका दिला, की विणलेलं वाचता येतं. मुलं चुकतात तेव्हा ती चूक डोळ्यांना दिसते: तार बाहेरून जायची ती आतून गेलेली. उसवायची आणि परत घालायची. शेवगावकडची एक मुलगी हे काम करताना म्हणाली, "सर, म्हणजे लाइट गेली तरी प्रोग्राम जाणार नाही, तार तर तिथंच आहे ना." बरोबर. आणि तिने तो मुद्दा अपोलो १२ ची हकिकत ऐकायच्या आधी काढला होता.

१४ नोव्हेंबर १९६९ ला अपोलो १२ पावसात उडालं. साडेछत्तीस सेकंदांनी त्याच्यावर वीज पडली, बावन्नाव्या सेकंदाला पुन्हा पडली. वीज देणारे तिन्ही फ्यूएल सेल संरक्षक सर्किटमुळे ट्रिप झाले, सगळा भार बॅटऱ्यांवर आला, व्होल्टेज खाली आलं आणि ह्यूस्टनच्या पडद्यांवर निरर्थक आकडे यायला लागले. यानात इशाऱ्यांचे दिवे एकदम लागले. रॉकेटचा स्वतःचा संगणक मात्र वेगळा होता, तो उडवतच राहिला. तेव्हा जॉन एरन नावाच्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने हे आकडे ओळखले. वर्षभर आधी एका चाचणीत व्होल्टेज पडल्यावर असेच आकडे आलेले त्याने पाहिले होते आणि त्यामागे कोणतं उपकरण आहे, हे जाऊन शोधलं होतं. सेन्सरांचे संकेत नीट करून पाठवणाऱ्या त्या पेटीची कळ 'ऑक्स'वर टाकायची, एवढंच त्याने सांगितलं. त्या स्थितीत ती कमी व्होल्टेजवरही चालते. कमांडर कॉनराडला ती कळ आठवेना. ॲलन बीनला ठाऊक होती, त्याने ती टाकली. आकडे परत आले, फ्यूएल सेल पुन्हा जोडले गेले, मोहीम चंद्रावर पोचली. लो व्होल्टेज म्हणजे काय, हे आमच्या मुलांना नव्याने शिकवावं लागत नाही. संध्याकाळी गावातले सगळे पंप एकदम सुरू झाल्यावर ट्यूबलाइट कशी फडफडते, ते त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. एरनची जी गोष्ट मला त्यांच्यापुढे ठेवायची असते, ती चाचणीच्या दिवसाची. विचित्र रीडिंग दिसलं आणि कुणी विचारलं नसताना तो त्याच्या मागे लागला.

पण माझा सगळ्यांत जास्त वेळ जातो तो अपोलो १३ च्या ऑक्सिजनच्या टाकीवर. स्फोटानंतर तिघे कसे परतले हे पुष्कळांना माहीत आहे, सिनेमाही आहे. स्फोट का झाला, हे मात्र वीजतंत्रीच्या वर्गात सांगायचं प्रकरण आहे. टाकीत द्रव ऑक्सिजन होता आणि तो तापवायला आत एक हीटर. हीटरला थर्मोस्टॅटच्या स्विचचं संरक्षण होतं: साधारण २७ अंश सेल्सिअसला सर्किट तोडायचं. ते स्विच यानाच्या २८ व्होल्ट डीसीसाठी बनवलेले. पुढे ठरलं, की जमिनीवरच्या कामात हीटरला ६५ व्होल्ट द्यायचे. हीटर ६५ झेलू शकत होता, पण स्विच कुणी बदलले नाहीत. वर्षानुवर्षं ते तसेच कागदांतून पुढे जात राहिले, कारण जमिनीवर त्या स्विचांना भरल्या भारावर उघडायची वेळच आली नव्हती.

मार्च १९७० मध्ये एका चाचणीनंतर टाकी नेहमीच्या पद्धतीने रिकामी होईना. मग हीटर चालू ठेवून ऑक्सिजन उडवून टाकायचं ठरलं आणि हीटर आठेक तास चालला. तापमान वाढलं, स्विच उघडू लागला, आणि ६५ व्होल्टच्या ठिणगीने त्याचे कॉन्टॅक्ट चिकटून बसले. पुढे तो उघडलाच नाही. तापमान दाखवणारा मीटर २७ अंशांच्या फार वर वाचूच शकत नव्हता, त्यामुळे पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसत होतं. आत हीटरच्या नळीजवळ तापमान पाचशे अंशांच्या पुढे गेलं असावं, असं चौकशीत निघालं. तारांवरचं टेफ्लॉनचं आवरण जळालं. तशीच ती टाकी अंतराळात गेली. मोहिमेच्या छप्पन्नाव्या तासात टाकीतला पंखा चालू केला, उघड्या तारांत ठिणगी पडली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

हे सांगून झाल्यावर मी टेबलावर दोन स्विच ठेवतो. एक साधा एसीचा, दुसरा डीसीसाठीचा एमसीबी. आपल्या पुरवठ्यात विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे कॉन्टॅक्ट उघडताना उठलेली ठिणगी स्वतःच विझायला मदत होते. डीसी शून्यावर येत नाही. ठिणगी ताणली जाते, टिकते, धातू वितळवते. आता जिल्ह्यात सौर कृषिपंप शेतोशेती बसलेत. ओळीने जोडलेल्या पॅनेलचं डीसी व्होल्टेज काही शेवर जातं. आमच्याकडून शिकून गेलेल्या एका मुलाने पारनेर भागातल्या एका शेतातून मला फोटो पाठवला होता: पॅनेलच्या लाइनवर कुणीतरी घरातला एसी स्विच बसवलेला, कॉन्टॅक्ट काळे पडून एकमेकांना चिकटलेले, स्विच बंद दाखवतोय आणि लाइन चालूच. फोटोखाली त्याने फक्त लिहिलं होतं, "सर, तेरा नंबर." मला त्यातून सगळं कळलं. त्याने लाइन आधी पॅनेलकडून सोडवली, मग स्विचला हात लावला.

चूक कुणाची, हा प्रश्न मुलं हटकून विचारतात. चौकशी मंडळाने जून १९७० मध्ये अहवाल दिला, तो वाचायला मिळतो. त्यात एका माणसाकडे बोट दाखवलेलं नाही; कोणता कागद कुठून कुठे गेला, कोणत्या टप्प्यावर कोणती तपासणी व्हायला हवी होती, हे क्रमाने आहे. आमच्या कामात मीटर जळाला, की "कुणी केलं" हे आधी विचारलं जातं. मला वाटतं, आधी "कोणत्या पायरीला झालं" हे विचारायची सवय लागली, तर कामाची जागा जास्त सुरक्षित होईल. ही पुस्तकं वाचून मी स्वतःच्या वर्गात ती सवय लावायला घेतली आहे. बिघडलेल्या जॉबच्या वहीत मुलं आता नावाऐवजी पायरीचा क्रमांक लिहितात.

आमची शैक्षणिक सहल घाटघरच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पाला जाते. वरचं धरण अकोले तालुक्यात, १२५ मेगावॉटची दोन यंत्रं. मुक्काम भंडारदऱ्याच्या बाजूला. एका जानेवारीत आकाश इतकं स्वच्छ होतं, की मुलं जेवण झाल्यावरही आत जाईनात. तेव्हा मी त्यांना अपोलोच्या ताऱ्यांची यादी दिली. यानाची दिशा सांगणारा जायरोस्कोपचा मंच हळूहळू ढळतो, म्हणून अंतराळवीर सेक्स्टंटमधून तारे पाहून तो पुन्हा जुळवत. त्यासाठी ३७ तारे निवडलेले होते आणि प्रत्येकाला क्रमांक होता. रोहिणी ११, राजन्य १२, ब्रह्महृदय १३, अगस्त्य १४, व्याध १५, प्रश्वा १६. हे सहाच्या सहा त्या रात्री डोक्यावर किंवा क्षितिजाजवळ होते. मध्यरात्रीनंतर जे जागे राहिले त्यांना मघा २२ आणि चित्रा २६ ही मिळाली. हस्ताच्या पावसावर ज्वारी पेरणाऱ्या घरांतली ही मुलं. रोहिणी, मघा, चित्रा, स्वाती ही नावं त्यांच्या कानांवर पंचांगातून आणि आजोबांच्या बोलण्यातून रोज पडलेली, पण यातला तारा नेमका कोणता हे बहुतेकांनी पहिल्यांदाच पाहिलं. यादीत सतरानंतर एकदम वीस का येतं, हे एकाने लगेच पकडलं. ताऱ्यांचे क्रमांक आठाच्या पटीत मोजलेले, आठ आणि नऊ हे अंकच त्यांत नव्हते. त्या थंडीत गच्चीवर अर्धा तास अष्टमान पद्धतीची बेरीज-वजाबाकी चालली, वर्गात ती करून घ्यायला मला आठवडा लागतो.

याच यादीतला व्याध आणि राजन्य अपोलो ८ च्या परतीत कामाला आले. डिसेंबर १९६८ मध्ये घरी परतताना लॉव्हेलकडून संगणकात एक चुकीचा आकडा दाबला गेला आणि यान अजून प्रक्षेपण-मनोऱ्यावरच उभं आहे, असं संगणकाने धरलं. दिशेची जुळणी पुसली गेली. लॉव्हेलने हे दोन तारे शोधून ती पुन्हा बसवली. मुलांनी दोन्ही तारे त्याच रात्री पाहिलेले होते, त्यामुळे हे सांगायला मला फळ्याची गरज पडली नाही.

गेली काही वर्षं मी वुड्स यांच्या धर्तीवर मराठीत टिपणं लिहितो आहे, फक्त विजेच्या अंगाने: तीन फ्यूएल सेल, दोन मुख्य बस, तीन इन्व्हर्टर, ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ, थ्री फेज. आपल्याकडे ५० हर्ट्झ असताना तिथे ४०० का, याचं उत्तर ट्रान्सफॉर्मरच्या वजनात आहे, आणि मुलं ते दोन्ही गाभे तराजूत ठेवून काढतात. कमांड मॉड्यूलचा सिंगल लाइन डायग्राम आम्ही मराठी नावं घालून वर्कशॉपच्या भिंतीवर रंगवला आहे. असं पूर्ण पुस्तक मराठीत यायला हवं, सगळ्या यंत्रणांचं, आणि ते आयटीआयच्या, तंत्रनिकेतनाच्या मुलाला परवडेल अशा किमतीत. भारतीय माणूस २०४० पर्यंत चंद्रावर उतरवायचं उद्दिष्ट सरकारने ठरवलेलं आहे. त्या यानाच्या वायरिंगला हात लावणारी मुलं आत्ता कुठल्या तरी वर्गात शिकत असणार.

सध्याच्या तुकडीला मी अपोलो १३ च्या परतीचा हिशोब दिला आहे. यान थंडगार पडलेलं, पॅनेलवर दंव. तारांना मात्र धोका झाला नाही, कारण १९६७ मध्ये अपोलो १ ला लागलेल्या आगीनंतर वायरिंगचं संरक्षण वाढवलेलं होतं. हाताशी तीन बॅटऱ्या, प्रत्येकी सुमारे ४० अँपिअर-तासांच्या. पृथ्वीच्या वातावरणात शिरण्याआधी एकेक यंत्रणा चालू करायची, पण एकूण खर्च मर्यादेत ठेवून. हा क्रम लावणाऱ्यांत पुन्हा जॉन एरनच होता आणि त्याने आग्रह धरला, की रीडिंग दाखवणारी यंत्रणा सगळ्यांत शेवटी चालू करायची. आमच्या वर्कशॉपची शिकवण याच्या उलट: आधी मीटर, मग सप्लाय. त्यामुळे वर्गाचे सरळ दोन तट पडले. एक गट म्हणतो, आकडा दिसल्याशिवाय कळ टाकायची नाही. दुसरा म्हणतो, आकडा बघण्याचेही अँपिअर जातात. शेवगावच्या त्या मुलीने मध्येच दोन मिनिटं मीटर लावून परत बंद करायचा, असा तिसराच क्रम मांडला आणि फळ्यावर बेरीज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.